छाप आणि पत

गोव्यातील गावांत पहाट होते न होते तोच सायकलीच्या भोंग्याचा आवाज वाड्यावाड्यांतून फिरू लागतो. पोदेर आला, हे कोणी कोणाला सांगावे लागत नाही. त्याच्या सायकलीवर पाटी नसते, पावावर वेष्टन नसते, टोपलीवर नाव नसते. तरीही अंथरुणातला माणूस तो आवाज ओळखतो. आणि वाड्यात दोन पोदेर येत असतील तर कोणता भोंगा कोणाचा, हेही घरातली गृहिणी नेमके जाणते. त्या आवाजासरशी तिला कालच्या पावाची चव आठवते, तो नीट भाजलेला होता की करपलेला हे आठवते, आणि पिशवी घेऊन दाराशी जायचे की दुसऱ्याची वाट पाहायची, हे ती ठरविते. भोंगा बाजारात कोणालाही विकत मिळतो. त्या आवाजाला आलेली किंमत मात्र बाजारात मिळत नाही. ती पोदेराने रात्रीच्या प्रहरी उठून, पीठ मळून आणि भट्टी पेटवून मिळविलेली असते.

हल्ली लहानमोठ्या व्यापारात 'ब्रँडिंग' हा शब्द फार ऐकू येतो. नवे दुकान उघडणारा तरुण, घरी मसाले करून विकणारी गृहिणी, शिवणकामाचा वर्ग चालविणारी बाई, या सर्वांना कोणी ना कोणी सांगत असते की, आधी एक चांगला 'लोगो' करून घ्या. मग एखाद्या चित्रकाराकडून चिन्ह काढून घेतले जाते, त्यावर पैसे खर्च होतात, आणि गिऱ्हाईक वाढले नाही म्हणजे चिन्हाला दोष दिला जातो. या सगळ्या खटाटोपात एक मूळ गोष्ट नजरेआड होते. चिन्ह पत निर्माण करीत नाही. निर्माण झालेली पत ते साठवून ठेवते. ते रिकाम्या भांड्यासारखे असते. त्यात काय भरायचे, हे दुकानदाराच्या रोजच्या वागण्यावर अवलंबून असते. परंतु भांडेच गळके किंवा दुसऱ्याच्या भांड्यासारखे दिसणारे असेल तर भरलेले वाहून जाते, किंवा दुसऱ्याच्या घरी जाते, हेही तितकेच खरे.

इंग्रजीतील 'ब्रँड' या शब्दाचे मूळ डागण्याच्या क्रियेत आहे. गुरे कोणाची हे ओळखू यावे म्हणून तापलेल्या लोखंडाने त्यांना डाग देत. मराठीत यासाठी 'छाप' हा शब्द फार दिवसांपासून रुळलेला आहे, आणि तो अधिक अर्थपूर्णही आहे. छाप वस्तूवर मारली जाते, तशीच ती माणसाच्या मनावरही पडते. घोडाछाप, उंटछाप अशी नावे आपल्या बाजारात ज्या काळी रूढ झाली, त्या काळी बहुसंख्य गिऱ्हाइकांना वाचता येत नव्हते. दुकानात जाऊन 'घोड्याचे दे' एवढे म्हटले की काम भागे. मुंबईत 1931 साली दांडेकरांनी शाईचा व्यवसाय सुरू केला, तेव्हा त्यांची शाईची पूड घोड्याच्या छापाने विकली जात असे. त्यानंतर फाउंटन पेनच्या शाईसाठी त्यांनी उंट निवडला. 'कॅमल' आणि 'इंक' या दोन शब्दांच्या मिलाफातून पुढे 'कॅम्लिन' हे नाव घडले, आणि शाळकरी मुलांच्या अनेक पिढ्यांनी उंटाच्या छापाच्या रंगपेट्या वापरल्या. वाळवंटातील प्राण्याचा आणि शाईचा तसा काही संबंध नाही. परंतु चांगल्या शाईशी तो प्राणी एकदा जोडला गेला की, संबंध नसणे आड येत नाही.

वस्तूवर खूण करण्याच्या प्रथेचा इतिहास पाहिला तर एक विशेष गोष्ट आढळते. खूण ही आरंभी शोभेसाठी नव्हती, जाहिरातीसाठीही नव्हती. ती जबाबदारीसाठी होती. इंग्लंडात 1300 साली झालेल्या कायद्याने सोन्याचांदीच्या जिनसा तपासून त्यांवर बिबट्याच्या मुखाची मुद्रा उमटविण्याची सक्ती झाली. पुढे 1363 साली प्रत्येक सोनाराने स्वतःची वेगळी खूणही ठेवलीच पाहिजे, असे ठरले. हेतू सरळ होता. सोन्यात हीण निघाले तर ते कोणाच्या हातचे, हे शोधता यावे. म्हणजे सोनार खूण मारी तेव्हा 'माझा माल चांगला' एवढेच तो सांगत नसे. 'वाईट निघाल्यास मला धरा' असेही सांगत असे. आपल्याकडेही जुन्या राज्यकारभारात पत्राच्या आरंभी शिक्का आणि शेवटी मोर्तब असे. मोर्तबाच्या पुढे कोणाला एक अक्षरही घुसडता येऊ नये, हा त्यातील उद्देश. 'शिक्कामोर्तब' हा शब्द आपण आज सहजपणे वापरतो. परंतु त्याच्या पोटात हीच उत्तरदायित्वाची कल्पना आहे. भारतात जून 2021 पासून टप्प्याटप्प्याने सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्क सक्तीचा झाला, आणि एप्रिल 2023 पासून विक्रीच्या दागिन्यावर सहा अक्षरांकांची स्वतंत्र ओळखखूणही आवश्यक ठरली. सातशे वर्षांपूर्वीच्या लंडनच्या सोनाराची आणि आजच्या बेळगावच्या किंवा इंदूरच्या सराफाची गोष्ट या बाबतीत एकच आहे.

जबाबदारीची खूण ही कालांतराने मालमत्ता बनली. ज्याच्या खुणेवर लोकांचा विश्वास बसला, त्याच्या खुणेची नक्कल करण्याचा मोह इतरांना होणारच. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आणि आगबोटी यांनी माल दूरदूर जाऊ लागला, विकणारा आणि घेणारा यांची गाठ पडेनाशी झाली, तेव्हा ही अडचण फार वाढली. इंग्लंडात 1875 साली व्यापारचिन्हांच्या नोंदणीचा कायदा झाला आणि 1 जानेवारी 1876 या दिवशी नोंदवहीत पहिल्या क्रमांकावर बास या दारूभट्टीचा तांबडा त्रिकोण नोंदला गेला. नुसता एक तांबडा त्रिकोण! त्यात चित्र नाही, नक्षी नाही, कल्पकतेचा आव नाही. परंतु फ्रेंच चित्रकार माने याने 1882 साली पॅरिसमधील एका करमणूकगृहाच्या मद्यपेढीचे जे प्रसिद्ध चित्र पूर्ण केले, त्यात मांडलेल्या बाटल्यांपैकी दोन बाटल्यांवर तो त्रिकोण स्पष्ट दिसतो. बाटलीवरची अक्षरे न वाचताही ती बाटली कोणाची हे पाहणाऱ्यास कळते. चिन्ह चांगले कशाला म्हणावे, याचे यापेक्षा सोपे उदाहरण देणे कठीण. जे लहान मुलाला वाळूत बोटाने काढून दाखविता येते, ते चिन्ह स्मरणात राहते.

स्मरण हा या विषयाचा गाभा आहे, आणि माणसाचे स्मरण नेहमीच अपुरे असते. आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका खटल्यात ही गोष्ट फार सुंदर रीतीने स्पष्ट झाली. 'अमृतधारा' हे औषध घरोघरी ठाऊक असलेले. कानपूरच्या एका व्यापाऱ्याने आपल्या तशाच औषधाला 'लक्ष्मणधारा' असे नाव दिले होते, आणि 1950 साली त्या नावाच्या नोंदणीसाठी अर्ज केला. अमृतधारावाल्यांनी हरकत घेतली. व्याकरणाच्या दृष्टीने पाहिले तर दोन्ही नावांचे अर्थ पूर्णपणे निराळे आहेत. अमृत कोठे आणि लक्ष्मण कोठे! परंतु 1962 साली निकाल देताना न्यायालयाने व्याकरणकाराच्या नजरेने पाहिले नाही. सामान्य बुद्धीचा, नावाची आठवण पुसटशीच असलेला, घाईत असलेला खेडुत गिऱ्हाईक दोन्ही नावे शेजारी ठेवून त्यांची फोड करीत बसत नाही. त्याच्या कानात एकंदर नाद तेवढा राहतो, आणि त्या नादाने तो फसू शकतो, असे न्यायालयाने मानले. दोन्ही नावे फसगत होण्याइतकी सारखी ठरली. मात्र दुसरे नाव कित्येक वर्षे उघडपणे वापरात असून पहिल्या व्यापाऱ्याने त्याकडे डोळेझाक केली होती. म्हणून 'लक्ष्मणधारा'ची नोंदणी उत्तर प्रदेशापुरती मान्य झाली. या एकाच निकालात लहान व्यापाऱ्यासाठी दोन धडे आहेत. दुसऱ्याच्या नावाच्या सावलीत आपले नाव ठेवू नये, हा पहिला. आणि आपल्या नावावर कोणी सावली धरीत असेल तर वर्षानुवर्षे गप्प बसू नये, हा दुसरा.

येथवर नाव आणि चिन्ह यांचा विचार झाला. परंतु दुकानाची ओळख एवढ्यावर संपत नाही. पाटीवर एक रंग, पिशवीवर दुसरा, बिलावर तिसऱ्याच वळणाचे अक्षर आणि मोबाइलवरील जाहिरातीत भलतेच चित्र, असा प्रकार अनेक ठिकाणी दिसतो. प्रत्येक वस्तू वेगळ्या वेळी, वेगळ्या माणसाकडून आणि जिथे स्वस्त पडेल तिथून करून घेतलेली असते. पाहणाऱ्याला त्या एकाच घरच्या आहेत असे वाटत नाही. त्यामुळे पिशवी पाहून झालेली ओळख पाटीपर्यंत पोहोचतच नाही. ही सर्व अंगे एका हाताखाली आणावी, हा विचार जर्मनीत एका विजेच्या कारखानदारीने प्रथम पूर्णत्वाने अमलात आणला. 1907 साली बर्लिनच्या एईजी या कंपनीने पीटर बेरेन्स या चित्रकार-वास्तुशिल्पज्ञाला आपला कलासल्लागार नेमले. त्याने कंपनीचे चिन्ह आखले, जाहिराती आखल्या, दिवे, पंखे आणि विजेच्या किटल्या यांना आकार दिला, आणि बर्लिनमध्ये 1909 साली उभा राहिलेला टर्बाइनचा कारखानाही त्यानेच आखला. किटलीपासून कारखान्यापर्यंत एकच हात फिरल्याने पाहणाऱ्याच्या मनावर एकच ठसा उमटला. लहान दुकानाला बेरेन्स परवडणार नाही. परंतु एक रंग, एक अक्षरवळण आणि एक चिन्ह ठरवून ते सर्वत्र निष्ठेने वापरणे, याला पैसा लागत नाही. लागतो तो निश्चय.

निष्ठेने वापरणे म्हणजे दगडासारखे स्थिर राहणे नव्हे. वडोदऱ्यापासून जवळच असलेल्या आणंद येथे 1946 साली शेतकऱ्यांच्या सहकारी दूधसंघाची स्थापना झाली, आणि त्याच्या 'अमूल' लोण्याच्या जाहिरातीसाठी 1966 साली सिल्व्हेस्टर द कुन्हा आणि चित्रकार युस्टेस फर्नांडिस यांनी ठिपक्यांच्या झग्यातील एक खट्याळ मुलगी निर्माण केली. त्या मुलीच्या तोंडचा विनोद तेव्हापासून घडणाऱ्या घटनांबरोबर सतत बदलत आला आहे. पण तिचे केस, तिचा झगा, तिची नजर बदललेली नाही. बोलणे रोज नवे आणि चेहरा तोच, असा हा मेळ आहे. शेजारच्या काकू रोज नव्या गोष्टी सांगतात. परंतु रोज नव्या चेहऱ्याने आल्या तर त्यांना कोणी घरात घेणार नाही!

याच्या उलट प्रकार अमेरिकेत 2009 साली घडला. ट्रॉपिकाना या संत्र्याच्या रसाच्या खोक्यावर संत्र्यात खुपसलेली नळी, असे चित्र असे. जानेवारीत ते काढून त्या जागी रसाने भरलेला पेला छापण्यात आला आणि अक्षरांचे वळणही बदलले. रस तोच होता, किंमत तीच होती. परंतु दुकानातील फळीसमोर उभा राहिलेला गिऱ्हाईक आपले नेहमीचे खोके शोधू लागला आणि ते त्याला सापडेना. दोन महिन्यांच्या आतच विक्री सुमारे 20 टक्क्यांनी घसरली, आणि फेब्रुवारीतच कंपनीने जुने वेष्टन परत आणण्याची घोषणा केली. नवे चित्र कुरूप होते असे नाही. ते अनोळखी होते, एवढाच त्याचा अपराध. रोज पाहून मालकाला आपल्या पाटीचा कंटाळा येतो आणि ती बदलावीशी वाटते. गिऱ्हाइकाला मात्र ती नुकतीच कोठे पाठ झालेली असते, हे त्याने लक्षात ठेवावे.

मग लहान व्यापाऱ्याने आणि त्याच्यासाठी चिन्ह काढणाऱ्या चित्रकाराने कामाला लागावे कसे? पहिली पायरी कागद-पेन्सिलीची नसून प्रश्नांची आहे. माल कोण घेतो, तो कशासाठी येथेच येतो, शेजारच्या दुकानापेक्षा येथे वेगळे काय मिळते, याची उत्तरे चित्रकाराने मालकाकडून आणि जमल्यास गिऱ्हाइकांकडूनही काढून घ्यावीत. कित्येकदा मालकाला आपल्या दुकानाचा जो गुण वाटतो तो गिऱ्हाइकाच्या लेखी दुय्यम असतो. मालक म्हणतो, 'आमच्याकडे चाळीस प्रकारची मिठाई आहे'. गिऱ्हाईक म्हणतो, 'त्यांच्याकडचा कुंदा तेवढा घ्यावा.' अशा वेळी ओळख कुंद्याभोवती बांधणे शहाणपणाचे.

दुसरी पायरी रेखाटनाची. चिन्ह प्रथम केवळ काळ्या रंगात काढावे. जे चिन्ह रंगाच्या आधाराशिवाय उभे राहत नाही, ते रबरी शिक्क्यावर, बिलाच्या यंत्रावर किंवा कापडी पिशवीवर टिकत नाही. नंतर ते नखाएवढे लहान करून पाहावे आणि रस्त्यापलीकडून दिसेल एवढे मोठे करून पाहावे. आज बहुतेक गिऱ्हाइकांना दुकानाचे पहिले दर्शन मोबाइलच्या पडद्यावरील एका इवल्याशा वर्तुळात होते. त्या वर्तुळात जे बसत नाही ते निरुपयोगी. स्टेट बँकेचे 1971 सालचे चिन्ह या कसोटीवर पाहण्यासारखे आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतील शेखर कामत यांनी ते आखले. निळे वर्तुळ, त्यात मध्यभागी एक लहान वर्तुळ आणि तेथून खाली जाणारी फट, एवढाच ऐवज. कोणाला त्यात कुलपाचे भोक दिसते. ते पासबुकावर मावते, शाखेच्या पाटीवर शोभते आणि मोबाइलवरही हरवत नाही.

तिसरी पायरी अक्षरांची; आणि महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी माणसांना या पायरीवर विशेष थांबावे लागते. पुण्यातील दुकानाच्या पाटीचे काम दोन लिप्यांत भागते. बेळगावात कन्नड, देवनागरी आणि रोमन अशा तीन लिप्या समोर येतात. हैदराबादेत तेलुगू आणि उर्दू आहेत, वडोदऱ्यात गुजराती आहे, गोव्यात देवनागरीबरोबर रोमन आहे. एकच नाव तीन लिप्यांत लिहिले की तिन्ही लिप्या एकमेकींशी भांडल्यासारख्या दिसतात. देवनागरीला शिरोरेषा आहे, ती अक्षरांना वरून बांधून धरते. कन्नड आणि तेलुगू अक्षरे गोलाईने वळतात. गुजरातीला शिरोरेषा नाही. उर्दू उजवीकडून डावीकडे जाते. इंग्रजी अक्षराच्या मापाने देवनागरी अक्षर बेतले तर मात्रा आणि उकार कापले जातात, जोडाक्षरांचे पोट भरून येते आणि दुरून 'द्य' आणि 'द्ध' यांत फरक कळत नाही. म्हणून प्रत्येक लिपी तिच्या स्वभावानुसार, परंतु रेषेची जाडी आणि एकंदर भार सारखा ठेवून लिहवून घ्यावी. या बाबतीत एक काळ असा होता की, पाट्या रंगविणारे पेंटर हेच आपल्या शहरांचे खरे अक्षरगुरू होते. पुढे छापील फलकांच्या यंत्रांनी त्यांची कला मागे सारली, आणि संगणकावर जे अक्षर सहज हाताशी आले तेच सगळीकडे दिसू लागले. आता देवनागरीत आणि इतर भारतीय लिप्यांत एकाच कुळातील चांगली अक्षरे उपलब्ध होऊ लागली आहेत. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेची 'बालू' ही अक्षरमाला अशीच अनेक भारतीय लिप्यांसाठी केलेली असून ती विनामूल्य मिळते. आणि जेथे तीन लिप्या आहेत तेथे लिपीवाचून बोलणाऱ्या चिन्हाचे मोल तिप्पट होते. उंट कन्नडातही उंटच दिसतो.

चौथी पायरी कायद्याची. ती बहुतेक जण शेवटी चढतात; पण चढायला हवी सर्वांत आधी. नाव ठरविण्यापूर्वीच ते दुसऱ्या कोणाच्या नावे नोंदलेले आहे काय, हे व्यापारचिन्ह नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर पाहता येते. आपल्याकडे 1999 सालचा व्यापारचिन्ह कायदा 15 सप्टेंबर 2003 पासून अमलात आहे. माल आणि सेवा यांचे 45 वर्ग केलेले असून नोंदणी वर्गवार होते. घरगुती उद्योग करणाऱ्यांची येथे हमखास चूक होते. मसाला 30 व्या वर्गात येतो, पण लोणचे 29 व्या वर्गात; एकाच नावाने दोन्ही विकायचे तर दोन्ही वर्ग मागावे लागतात. 2017 सालच्या नियमांनी व्यक्ती आणि लघुउद्योग यांच्यासाठी संगणकावरून केलेल्या अर्जाचे शुल्क प्रत्येक वर्गास 4,500 रुपये ठरविले. अर्ज तपासला जातो, नियतकालिकात प्रसिद्ध होतो, आणि चार महिन्यांत कोणी हरकत घेतली नाही तर पुढे नोंद होते. ती दहा वर्षे टिकते आणि दर दहा वर्षांनी वाढविता येते. नोंदणी होण्यापूर्वी वर्तुळातील 'आर' हे अक्षर नावाला जोडण्यास कायद्याने मनाई आहे, हे अनेकांच्या गावीही नसते.

नाव कसले घ्यावे, यासंबंधीही कायद्याचे म्हणणे विचार करण्याजोगे आहे. मालाचे केवळ वर्णन करणारे नाव सहसा नोंदले जात नाही. मिठाईला 'गोड' किंवा तेलाला 'शुद्ध' म्हणण्याचा हक्क सर्वांनाच असला पाहिजे. तो एकट्याला कसा देता येईल? आडनावाचीही गोष्ट नाजूक आहे. आपले स्वतःचे नाव सचोटीने वापरणाऱ्या दुसऱ्या माणसाला थांबविता येत नाही. त्यामुळे शाईला उंट म्हणण्यासारखे, मालाशी संबंध नसलेले नाव आरंभी विचित्र वाटले तरी कायद्याच्या नजरेत तेच सर्वांत बळकट.

'आमची कोठेही शाखा नाही', ही पाटी मराठी बाजारपेठेत पिढ्यान्‌पिढ्या लटकत आली आहे. लोक तिला हसतात. परंतु ती नोंदणी न केलेल्या दुकानदाराची आर्त हाक असते. पलीकडच्या गल्लीत कोणी तरी त्याच नावाने दुकान थाटलेले असते. आणि पुष्कळदा तो परका नसतो, भाऊच असतो. वडिलांच्या मागे वाटणी झाली, भांडी वाटली गेली, गाळे वाटले गेले, आणि नाव तेवढे वाटायचे राहिले. दोघेही पाटीवर 'मूळ दुकान' असे लिहितात, आणि गिऱ्हाईक गोंधळून तिसऱ्याकडे जाते. वाटणीच्या कागदात दुकानाच्या नावाचा वारस कोण, हे एका ओळीत लिहिले असते तर दोन घरांतील अबोला टळला असता. नोंदणी नसली तरी अगोदरपासून नाव वापरणाऱ्याला कायदा वाऱ्यावर सोडीत नाही, हे खरे. पण अगोदरपासून वापर होता हे त्याला सिद्ध करावे लागते. जुनी बिले, पाटीची छायाचित्रे, जाहिरातींची कात्रणे ही रद्दी नव्हे. ते त्या घराण्याचे दस्तऐवज आहेत. तसेच चित्रकाराकडून चिन्ह घेताना त्याचे सर्व हक्क दुकानाला दिल्याचे लेखी करून घ्यावे, आणि त्या लेखाचा योग्य मोबदला चित्रकाराला द्यावा. लेखी कागदावाचून हक्क हस्तांतरित होत नाहीत.

काही छापा एका दुकानाच्या नसतात, एका मुलखाच्या असतात. चंदेरीची साडी, गोव्याची काजूफेणी, कोल्हापुरी चप्पल ही अशी नावे आहेत. काजूफेणीला 2009 साली भौगोलिक निर्देशनाची नोंद मिळाली. कोल्हापुरी चपलेला ती 2019 साली मिळाली. आणि ती केवळ महाराष्ट्राला नव्हे, तर कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या चार जिल्ह्यांबरोबर बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर या कर्नाटकातील चार जिल्ह्यांनाही मिळाली. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या चर्मकारांची ती एकच छाप. जून 2025 मध्ये इटलीतील मिलान येथे प्राडा या फॅशनसंस्थेने तशाच घाटाच्या चपला मांडल्या, तेव्हा कोल्हापुरीचा उल्लेख नव्हता. टीका झाल्यावर भारतीय हस्तकारागिरीपासून प्रेरणा घेतल्याचे संस्थेने मान्य केले. भौगोलिक निर्देशन प्रामुख्याने नावाचे रक्षण करते. नाव न घेता घाट उचलला तर ते अपुरे पडते, हे त्या प्रसंगाने उघड केले. परंतु त्यातून आणखी एक गोष्ट उघड झाली. चपलेवर कोणतेही चिन्ह नसताना, हजारो कोसांवर मांडलेली ती चप्पल पाहताच येथील लोकांनी ती ओळखली. कातड्याचा रंग, वेणी, अंगठ्याची गुंफण यांनीच ओळख पटविली. पिढ्यान्‌पिढ्या एकनिष्ठेने केलेले काम हेच तिथे चिन्ह झाले होते.

चिन्हाचा विचार करताना लहान व्यापाऱ्याने दोन टोके टाळावीत. चिन्हाने सर्व काही होईल, हे एक टोक. माल चांगला असला की चिन्हाची गरजच काय, हे दुसरे. चांगला माल करणारा आपली खूण स्पष्ट, वेगळी आणि सुरक्षित ठेवीत नाही, तेव्हा त्याच्या कष्टाचे पीक दुसरा कापून नेतो. आणि ज्याची खूण सुंदर पण माल हलका, त्याचे गिऱ्हाईक ती खूण ओळखून अधिक अचूकपणे टाळते. खूण दोन्हीकडे प्रामाणिकपणे आपले काम करते; जी आठवण तिच्यात साठविली तीच ती परत देते. म्हणून एखाद्या दिवशी पाव करपला तर शहाणा पोदेर भोंगा बदलण्याच्या फंदात पडत नाही. तो भट्टीकडे पाहतो, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तोच भोंगा पुन्हा वाजवितो.